दिवाणखाना उदास करा

"भिंत राखाडी कशाला करतेयस गं?" आबांनी विचारलं.

मालिकेत ते सहा वर्षं आबा होते. आता घरी बायकोही त्यांना आबाच म्हणायची.

"वरून निरोप आलाय. दिवाणखाना उदास करा." कलादिग्दर्शक ताईचा ब्रश काही थांबला नाही.

 या मालिकेत संवाद शूटिंगच्या दिवशीच हातात पडत. तोवर आपलं भविष्य भिंतीवरून वाचायचं. गेल्या खेपेला भिंत राखाडी झाली आणि काका जिन्यावरून पडून गेले. जिना तीन पायऱ्यांचा होता. काकांचं काम करणारा नट तेव्हापासून घरीच आहे.

"कोण जाणार?"

"मला रंग सांगतात आबा, नाव नाही."

"मग मीच. दुसरं म्हातारं उरलंय कोण?"

सुनेचं काम करणारी कोपऱ्यात वेफर्स खात होती. "आबा, तुम्ही गेलात तर मी खरं खरं रडेन हं. ग्लिसरीन वाचेल."

आबा हसले नाहीत. या वयात दुसरं काम कोण देणार? ते ताईजवळ सरकले. "पोरी, कायतरी कर. आबांशिवाय हे घर चालूच शकत नाही, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे."

ताईला दया आली. तिने सगळं सामान कडेला सारलं. आबांची वेताची खुर्ची मधोमध आणली. बाकी खोली अंधारात ठेवली आणि खुर्चीवर तेवढं खिडकीतलं पिवळं ऊन पाडलं. खुर्चीच्या पाठीवर आबांची शाल टाकली, हातावर चष्मा ठेवला. कुठूनही बघा, नजर तिथेच जायची.

"आता मारून दाखवा म्हणावं," ती म्हणाली.

आबा शीळ घालत मेकअपला गेले.

दिग्दर्शक आला. खुर्चीसमोर येऊन जो थांबला, तो थांबलाच. लाइटमन नाक ओढू लागला. सुनेच्या हातातला वेफर तोंडापर्यंत पोचलाच नाही.

आबा लगबगीने आले. "बसू का?"

"नको! हात लावू नका!" दिग्दर्शकाने डोळे पुसले. "सहा वर्षांत या घरात इतका अभिनय कुणी केला नव्हता. आबा, माफ करा. तुम्ही काल रात्री झोपेतच गेलात."

मग तो सहायकाकडे वळला.

"लेखकाला फोन लाव. म्हणावं, सुनेला मारायचं रद्द."