न हलण्याचा सराव

“ते यंत्र बाजूला घे. तुझ्या हातानं कर,” ताई म्हणाली आणि हाताची घडी घालून बसली.

डॉक्टर तिचा धाकटा भाऊ. टक्कल पडलं, नावापुढे पदव्यांची रांग लागली, तरी तिच्यासाठी तो बाळ्याच. नर्सने कसंबसं हसू आवरलं. डॉक्टरांना हसू आलं नाही. ताईच्या डाव्या डोळ्याचा पडदा समोरच्या स्क्रीनवर दिसत होता. मधुमेहाने पोखरलेल्या रक्तवाहिन्या अगदी मधल्या जागेच्या जवळ ठिबकत होत्या. उजव्या डोळ्याने तिला माणूस दिसायचा, पण चेहरा नाही. आज लेसर झालं नाही, तर डाव्याचीही तीच गत होणार होती.

त्यांनी पुन्हा समजावलं. लेसरचे ठिपके कुठे द्यायचे ते डॉक्टर ठरवतात, देतं यंत्र. डोळा जरा जरी हलला, तरी लेसर तिथल्या तिथे थांबतं.

“पण मी हलणारच नाही ना!”

सहा वर्षांपूर्वी, भावाने उजव्या डोळ्याचं लेसर हाताने केलं त्या वेळी, ती हलली होती. एक ठिपका नको तिथे, बरोबर मधोमध पडला. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की ती भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत बसायची. शंभर मोजेपर्यंत डोळा हलू द्यायचा नाही. पुढे दोनशे, मग पाचशे. दूध उतू गेलं, दारावरची घंटा वाजून वाजून दमली, नवऱ्याने मुद्दाम कानाशी टाळ्या पिटल्या. ताई ढिम्म. घरचे म्हणाले, हिला खूळ लागलं. भावाला ती फोनवर हे सगळं कौतुकाने सांगायची. तो दर वेळी पेशंट आलाय म्हणून फोन ठेवायचा.

“माझ्यापायी तुझ्या हाताला बट्टा लागला,” ती म्हणाली. “एवढा नावाजलेला तू, आणि सख्ख्या बहिणीचा डोळा गेला. मी सगळ्यांना सांगत असते, चूक माझी, त्याची नाही. पण सांगून किती सांगणार? आज दाखवूनच देऊ. यंत्रानं केलं तर नाव यंत्राचं होईल.”

“यंत्राशिवाय नाही होणार, ताई.”

“मग राहू दे. माझी पर्स कुठंय?” ती खरंच उठली.

डॉक्टरांनी नर्सला बाहेर पाठवलं. दार लागल्यावर त्यांनी आपला उजवा हात ताईच्या तळहातावर ठेवला. बोटं थरथरत होती. नुसतं बघून कळणार नाही, इतकी बारीक.

“अगं बाई! हे कधीपासून?” ताई घाबरून खाली बसली. तिने तो हात दोन्ही हातांत धरला. “मला बोलला नाहीस ते? कुणाला दाखवलंस का? औषध तरी घेतोस?”

“सात वर्षं झाली. म्हणून तर हे यंत्र भांडून आणवलं.”

ती हात चोळत होती. चोळता चोळता थांबली.

“त्या दिवशी तू हलली नव्हतीस, ताई,” डॉक्टर म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवेना. “माझा हात हलला. मी घाबरलो आणि तुझ्यावर ढकललं.”

ताईने त्यांचा हात हळूच टेबलावर ठेवला. मग ती पुढे सरकली आणि तिने हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली.

“कर चालू तुझं यंत्र.”

डॉक्टर नर्सला हाक मारणार, तेवढ्यात ती म्हणाली, “आई जाईपर्यंत मला म्हणत राहिली, दोन मिनिटं तुला धड बसता आलं नाही. आणि तू तिथंच बसलेला असायचास.”