नखाएवढी फट

गावच्या पुरातन चर्चची कागदी प्रतिकृती व्होयतेख शंभरास एक या प्रमाणात रचीत होता. मनोऱ्याची भिंत मात्र काही केल्या छपराच्या कडेला भिडेना. मध्ये नखाच्या जाडीएवढी फट राहत होती.

"अहो कारागीर, हात थरथरतात आता तुमचे," त्याची बायको द्राहोमिरा हसली. "थोडा कागद छाटा आणि चिकटवा."

"हात ठीक आहेत गं. छप्पर गेल्या वर्षी मोजलं होतं, मनोरा आज सकाळी."

"मग काय, वर्षभरात दगड सरकले?"

फटीला मनातल्या मनात शंभराने गुणताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मनोरा कललाय. पोरगी कुठाय आपली?"

"मनोऱ्यातली घंटा ओढायला गेलीय. आज घंटेची पाळी तिच्याकडे ना!"

तो दाराकडे धावला. पण घंटेच्या पहिल्या टोलाने त्याला उंबरठ्यावरच गाठले.