मागावरचं कापड

कात्री अजून प्रणालीच्या हातातच होती आणि आजीचं लुगडं तिच्या पायाशी दोन तुकड्यांत पडलं होतं. दुकानातून जेवायला घरी आलेला गिरिधर दारातच थबकला. त्याची भूक तिथल्या तिथे मेली.

लुगडं साधंसुधं नव्हतं. त्याच्या वडिलांनी, कवडूंनी, स्वतःच्या मागावर विणलेलं. त्यांच्या हातचं घरात उरलेलं तेवढं एकच. माग कधीच मोडीत गेला. आता नंदनवन वस्तीत फ्लॅट आणि जरीपटका भागात रेडीमेड कपड्यांचं दुकान. त्या दुकानात हातमागाचं एक वार कापड औषधालाही सापडायचं नाही. पण मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याची खटखट आणि सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास गिरिधरला अजून आठवायचा. एखादा व्यापारी अर्धवट विणलेल्या कापडात खोट काढायला लागला की वडील मान वर न करता म्हणायचे, ‘कापड मागावरून उतरू द्या, मग बोला.’

"हे काय करून राहिली वं?" गिरिधर ओरडला.

"गॅदरिंगच्या डान्सले कमरपट्टा पाहिजे होता, बाबा." पंधरा वर्षांची प्रणाली म्हणाली. "कापल्यावर समजलं, काय केलं ते."

"कापल्यावर! कापाच्या आधी डोकं कुठं ठेवलं होतं?"

त्याची बायको सुमती हात पुसत स्वयंपाकघरातून आली. "अहो, परवा शाळेच्या मीटिंगमध्ये डॉक्टर मॅडम हेच तर सांगत होत्या. थांबून विचार करणारा मेंदूचा भाग सगळ्यात शेवटी तयार होते म्हणे. पार पंचविशीपर्यंत काम चालू राहते."

"उड्डाणपूल आहे का तो? आमच्या टायमाले तर मेंदू तयारच मिळत होते!"

गिरिधर लेकीकडे वळला. "उद्यापासून डान्स बंद. गॅदरिंगही बंद."

नाच म्हणजे पोरीचा जीव की प्राण. त्याला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर घाव नेमका तिथे घातला. प्रणाली रडली नाही. तिने कापलेली पट्टी उचलून त्याच्यासमोर धरली.

"मले वाटलं, हे खराब आहे. मधातून पाहा ना, पुरी लाइन गाठीगाठीची. आजी तर कधी नेसतही नाही."

पट्टीवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बारीक गाठींची एक ओळ होती. हजारो गाठी, एकीला लागून एक. गिरिधरने या लुगड्याची मोडलेली घडी कधी पाहिलीच नव्हती. तो पलंगावर टेकला.

तिथे आधीपासून इंदूबाई बसली होती, त्याची आई. लुगडं तिचंच. तिने पट्टी हातात घेऊन गाठींवरून बोट फिरवलं.

"हे लुगडं आज पहिल्यांदा नाही कापलं वं पोरी. मागावर होतं, तवाच कापलं होतं. ब्लेडनं."

"कोणी?"

इंदूबाईने गिरिधरकडे पाहिलं.

"मी," गिरिधर म्हणाला.

त्या वर्षी पोळ्याचा दुसरा दिवस होता. सगळी गल्ली मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला धावत होती. वडील म्हणाले, आधी धोट्याच्या कांड्यांवर सूत भर, मग जा. पंधरा वर्षांच्या गिरिधरच्या डोक्यात सणक गेली. त्याने ब्लेड उचललं आणि मागावर ताणलेल्या सुताच्या तारांवरून सर्रकन फिरवलं. दोन हजार तारा लुळ्या पडल्या. त्यालाही कापल्यावरच समजलं होतं.

वडिलांनी हात उगारला नाही. शब्दही काढला नाही. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तीन दिवस ते एकेक तार सांधत बसले आणि तो दाराआडून पाहत राहिला. ते कापड पुढे कुठे गेलं, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. चार रट्टे मिळाले असते तर तो मोकळा झाला असता. बाबांनी आपली आशाच सोडली, असं त्याने त्या दिवशी मनाशी धरलं. वडील गेले, माग गेला, तो काटा काही गेला नाही.

"माय," त्याने विचारलं, "तवा बाबा मले एक शब्दही काहून नाही बोलले वं?"

"मीही हेच इचारलं होतं त्याईले," इंदूबाई म्हणाली. "म्हणे, ‘पोरगं अजून मागावर आहे. उतरू तर दे.’"

गिरिधरने डोळे पुसले. पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि पोरीपुढे हात पसरला.

"आण ती कात्री. कमरपट्टा वाकडा कापला तू."