सातव्या मजल्याचा काठ

साडीची घडी उलगडली आणि वाणीचे हात थांबले. काठावर भुयाराचा सातवा मजला विणून आला होता.

शंकाच नव्हती. बत्तीस घरं लांब, बत्तीस घरं रुंद. तेच बोळ, त्याच बंद खोल्या, कोपऱ्यात तोच गोल जिना. मोरपंखी रेशमावर जरीच्या भिंती. पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोच मजला पुन्हा पुन्हा. आणि दर मजल्यावर अकरा लाल फुल्या.

"नक्षी स्वल्प वेगळी वाटली खरी," यल्लाप्पा म्हणाला. वीस वर्षं तो वाणीच्या वडिलांच्या, अप्पांच्या, चिकपेटेतल्या दुकानासाठी साड्या विणत होता. "पण वाणीअक्कांच्या हातचा कागद. एक घर इकडचं तिकडे केलं नाही. लाल घराला लाल रेशीम."

काठाच्या नक्षी वाणीच चौकटीच्या कागदावर उतरवायची. भरलेलं घर म्हणजे जर, रिकामं म्हणजे रेशीम. भुयाराचा नकाशाही तिने तसल्याच कागदावर काढला होता. भरलेलं घर म्हणजे भिंत, रिकामं म्हणजे वाट.

तो खेळ तिच्या भावाने, पुरुषोत्तमने, त्र्याण्णव साली एका मित्राकडून दोन फ्लॉप्यांवर आणला होता. सोबत माहितीचा कागद नाही, विचारायला कुणी नाही. एक तलवार आणि एक मशाल घेऊन नऊ मजले खाली उतरायचं. मशाल विझली की पडदा काळा व्हायचा आणि आपल्याच पावलांची टकटक ऐकू यायची. थोड्या वेळाने दुसरी पावलंही ऐकू यायची. मेलं की पुन्हा पहिल्या मजल्यापासून. बसवनगुडीच्या घरी पुरू कॉम्प्युटरच्या कळा बडवायचा आणि वाणी शेजारी बसून घरं मोजायची. "डावीकडे तीन. आता उजवीकडे. पुरू, मागे बघ, मागे!" तो मेला की त्या घरात ती लाल फुली काढायची.

"बाजूला जागा ठेव," पुरू म्हणायचा. "अजून मरायचंय मला."

अख्ख्या बेंगळुरात ही जागा आपल्या दोघांनाच माहीत आहे, असं त्यांना वाटायचं. पुढच्या जूनमध्ये पुरू नोकरीसाठी जमशेदपूरला गेला. नकाशा काही वाणीला फेकवेना. तिने तो नक्षीच्या फाइलमध्ये ठेवून दिला. या साडीच्या वेळी अप्पांनी ती फाइल उघडली, वरचा कागद काढला आणि न बघताच यल्लाप्पाच्या हातात दिला. वाणीचं काम ते कधी तपासत नसत.

आता तिने त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. सत्यनारायण अप्पांनी काठ उजेडात धरला.

"लग्नाच्या साडीवर पुरूची मरणं?"

"अकरा. दर मजल्यावर."

"फुल्या नाहीत, फुलं आहेत ती," अप्पा म्हणाले. "लग्न आठवड्यावर आलंय. साडी परत आली तर यल्लाप्पाच्या गळ्यात पडेल. दीड महिना मागावर बसलाय तो. तू तोंड उघडायचं नाहीस."

बाहेर पायरीवर यल्लाप्पा कॉफी पीत होता. वाणीने मान डोलावली.

दुपारी नवरी आली. सिद्धी तिचं नाव. बरोबर तिची आई, अनुसूयाबाई.

"अगं बाई! मोर नाही, कोयरी नाही," अनुसूयाबाई म्हणाल्या. "हे काय हो, घराचा प्लॅन काढलाय की काय?"

"हल्ली असलंच चालतं, अक्का," अप्पा म्हणाले.

"लाल फुलं मात्र गोड आहेत."

सिद्धीने काठ मांडीवर घेतला. तिचं बोट एका बोळातून निघालं, वळलं, थांबलं, मागे आलं, दुसऱ्या बोळात शिरलं. एकदाही भिंतीवर चढलं नाही.

"नाही ना आवडली? राहू दे मग," आई म्हणाली. "दुसरीकडे बघू."

पायरीवरचा यल्लाप्पा उठून उभा राहिला.

"हीच हवी," सिद्धी म्हणाली.

"सरी, तुझी मर्जी. नेसायची तुला आहे."

यल्लाप्पा पुन्हा खाली बसला. अप्पा अनुसूयाबाईंना ब्लाउजपीस दाखवायला पलीकडे घेऊन गेले. सगळं निभावलं होतं. वाणीने फक्त घडी घालायची होती. तिने पदर हातात घेतला. ही मुलगी आठवड्याने ही साडी नेसून बोहल्यावर उभी राहील. सगळे फुलं म्हणतील. तीही आयुष्यभर फुलंच म्हणेल. वाणीने पलीकडे पाहिलं. अप्पांची पाठ होती.

"ऐका ना," ती हळूच म्हणाली. "ती फुलं नाहीत. फुल्या आहेत. माझा भाऊ जिथे जिथे मेला, त्या जागा. म्हणजे खेळात, कॉम्प्युटरवरच्या. तो ठणठणीत आहे. पण तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा. चूक माझी आहे, विणणाऱ्याची नाही."

सिद्धीने काठ पुन्हा जवळ ओढला. एकेका फुलीवर बोट ठेवत तिने मोजल्या.

"अकराच?" ती म्हणाली. "मी इथे चौदा वेळा मेले."