गुडघ्याला लागणारी चिप

"साधी हाय म्हणून बिनकामाची असती व्हय? कळत न्हाई तर भांडता कावून, मामा?" मी वरडलो. चिप मीच निवडली व्हती. स्टेअरिंगखाली नुसती खोसली की डिझेल गाडीची ताकद वाढती.

आमची टोचनगाडी हाय, बंद पडलेल्या गाड्या वढायची. धोंडीराममामा म्हणले, "चिपनं फरक पडला तर तुझ्या शाळेचं नाव काढणार न्हाई. न्हाई पडला तर सतरा नंबर फॉर्म भरून गप बाहेरून दहावीला बसायचं."

"मंजूर!" म्हणून मी तवाच चिप खोसली.

दुसऱ्या दिवशी कांद्यानं भरलेला टेम्पो मागं बांधून मांजरसुंब्याचा घाट चढलो. मी खिडकीतून अर्धा बाहेर. "बघा, कशी वढायली! इंजिनचा आवाज बी बदललाय! आता बोला की!" मामांनी नुसता गिअर बदलला.

वर चहाला थांबलो. तिथं बी मी सगळ्या टपरीला चिपचं कौतुक सांगितलं. मामांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. तिच्यासंगं चिप बाहेर आली.

"सकाळीच काढली. गुडघ्याला लागायली व्हती."

चला, निघतो आता. केजची जीप भरलीय अन् तिथल्या शाळेत फॉर्म भरायची आज शेवटची तारीख हाय.