धरून ठेवलेली जागा

"फेसलिफ्ट करण्याआधी नीट ऐकून घ्या," डॉक्टरीणबाई निवृत्त शिक्षिकेला म्हणाल्या. "कानामागे व्रण राहतील, सूज महिनाभर टिकेल, गाल बधिर होतील. पण या वयात हे कशासाठी?" शिक्षिकेने मान खाली घातली. "ह्यांना काही आठवत नाही हो. लग्नातला माझा फोटो दाखवून रोज मलाच विचारतात, 'ही कधी येणार?' तेवढं तरुण करा मला." डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "फार तर दहा वर्षं मागे नेईन, मावशी. चाळीस नाही." डोळे पुसून ती बाहेर आली. तिथे बसलेल्या नवऱ्याने शेजारच्या खुर्चीवर टोपी ठेवली होती. ती बसायला वाकली, तसा तो अजिजीने म्हणाला, "बाई, रागावू नका. जागा माझ्या बायकोसाठी धरलीय. येईलच इतक्यात." "बरं," म्हणत ती पलीकडच्या खुर्चीवर बसली आणि त्याच्यासोबत दाराकडे बघत राहिली.