दोन सीटांची गाडी

"बाबा, मागच्या रविवारी गिअरबॉक्स जमिनीवर होता. एकट्यानं बसवलात?" पद्मजानं विचारलं.

"जॅक कशाला असतो मग?" हरिहर स्टुलावरून म्हणाले. "तू तो बारा नंबरचा पान्हा दे."

सांगवीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पद्मजाच्या नवऱ्याची, अनिशची गाडी उभी होती. लाल, बुटकी, दोन सीटांची, उघड्या टपाची. जुनीच घेतली होती त्यानं. पहाटे दोघं देहूरोडपर्यंत नुसता चहा प्यायला जायची. तो जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून गाडी बंदच होती. यंदा जानेवारीत सासऱ्यांनी एकाएकी तिच्यावरचं कापड काढलं. तेव्हापासून दर रविवारी पद्मजा मारुंजीहून रिचाला घेऊन यायची.

"आजोबा, गाडीला टोपी का नाही?" चार वर्षांच्या रिचानं विचारलं.

"धुवायला टाकलीय."

"मग तुमची?"

"मला केस आहेत अजून. ये, विंचर."

रिचा कंगवा घेऊन स्टुलामागं उभी राहिली. वर्षभरापासून हरिहरांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. हे काम तिनंच घेतलं होतं.

पद्मजा डावीकडच्या सीटवर बसली. तिचा हात आपोआप गिअरकडे गेला. अनिश गिअर बदलायचा तेव्हा त्याच्या हातावर तिचा हात असायचा. आता नुसता थंड गोळा लागला. तिनं हात काढला नाही.

दर रविवारी ती एकच गोष्ट सांगायची ठरवून यायची, आणि न सांगता परत जायची. शेखर भोसरीतल्या कंपनीत होता. त्याची सुट्टी गुरुवारी, हिची रविवारी. भेट व्हायची ती अशीतशीच. गुरुवारी फोन केला तर उचलायचा नाही. झोपलो होतो, म्हणायचा. लग्नाला तिनं हो म्हटलं होतं. पण इथं सांगितलं की हे रविवार संपतील, याची तिला धास्ती होती. सून दुसऱ्या घरी गेली, की या घरात ती कोण? आणि रिचाला दुसरे आजोबा नव्हते.

"आता किल्ली फिरव," हरिहर म्हणाले.

तिनं पलीकडे सरकून किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. रिचानं कानांवर हात ठेवले. पद्मजाला रडू आलं. ते आवाजात बुडालं, हे बरं झालं.

तिनं गाडी बंद केली. काम संपलं होतं. पुढच्या रविवारी यायला निमित्त उरलं नव्हतं.

"बाबा, मला एक सांगायचं होतं."

"सांग."

"शेखर म्हणून एक जण आहे. आम्ही लग्न करायचं म्हणतोय." तिची मान खाली गेली. "तुम्ही नको म्हणालात तर..."

हरिहर फडक्यानं एकेक बोट पुसत राहिले. रिचाचा कंगवा चालूच होता.

"पाच महिने लावलेस पोरी," ते म्हणाले. "तो जानेवारीतच आला होता, तुला मागायला. त्याला म्हटलं, ती आपणहून सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तोवर दर गुरुवारी माझ्या हाताखाली यायचं."